सिस्टरच्या वहीतलं ‘टुक’

४ जून, मंगळवार

धाकट्या,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय. खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही. खुशाली असती तर पेन हातात धरलंच नसतं.

फेब्रुवारीत बाबांना झटका आला तेव्हा तुझ्या लिफ्टच्या कंपनीच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. ‘मिळालं नाही’ म्हणायला तुला जागा आहे, म्हणून पुन्हा सांगते. बाबांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. ‘हं’ आणि ‘अंहं’ एवढ्यावर आमचा संसार चाललाय. मला लॉन्ड्री सोडता येत नाही, म्हणून नर्सिंग ब्युरोकडून एक सिस्टर ठेवली आहे. सकाळी मी निघायच्या वेळी येते, साडेपाचला मी परतले की जाते. परगावची आहे, आपली भाषा कामापुरती बोलते. कामाला चोख. फारच चोख, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता मुद्दा. बाबांच्या बोटात अंगठी नाही. लग्नातली, जी त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही काढली नव्हती, ती. घड्याळं दुरुस्त करतानासुद्धा काढली नव्हती.

सिस्टरला विचारलं, “अंगठी कुठंय?”

“आहे ताई. येईल.”

“येईल म्हणजे? पायी चालत येणार आहे का?”

ती मान खाली घालून टॉवेलांच्या घड्या करत राहिली. “थोडे आठवडे थांबा. विचारू नका.”

‘विचारू नका’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं हे मला शिकवायला नको. चौदा वर्षं काउंटरवर उभी आहे. लोक म्हणतात, हा चहाचा डाग आहे. मी नुसतं बोट फिरवून सांगते की चहाचा नाही, आणि कशाचा आहे तेही सांगते.

ब्युरोच्या नियमानं सिस्टर रोज एक वही लिहिते, इंग्रजीत. महिन्याला त्यांची मोठी बाई येऊन त्यावर सही करते. मला अक्षरं लावता येतात, आठवीपर्यंतची पुण्याई आहे. अर्थ लागत नाही. पण एकोणतीस मेच्या पानावर दोन शब्द डोळ्यांत खुपले, ‘टुक’ आणि ‘रिंग’. रिंग म्हणजे अंगठी हे शेंबडं पोरही सांगेल. टुकचं मी आमच्या कॅशियरला विचारलं. तो नोटा लावता लावता म्हणाला, “टेक म्हणजे घेणे. टुक म्हणजे घेतलं.”

चोरानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय बघ!

तुला कळवते ते एवढ्याचसाठी, की उद्या तू म्हणू नयेस, ताईनंच विकली. तारीख घालून लिहिलंय आणि कार्बन कॉपी ठेवली आहे. तुझ्यामाझ्यातला मागचा विषय मी काढत नाही. तूही काढू नकोस.

— ताई

१५ जून, शनिवार

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

मी इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. हसू नकोस. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात, त्या वेळात बाबांजवळ खालच्या मजल्यावरच्या काकू बसतात. क्लास एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या खोलीत आहे, भिंतीवर अजून वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते आहेत. शिकवणारे सर पोस्टातून रिटायर झालेले. आम्ही सात जण आहोत. एक टॅक्सीवाला, एक नळ दुरुस्त करणारा, एक नव्यानं लग्न ठरलेली मुलगी, बाकीचे असेच. प्रत्येकाला सरांनी विचारलं, कशाला शिकायचंय? कुणी म्हणालं परदेशी जायला, कुणी म्हणालं गिऱ्हाइकांशी बोलायला. मी म्हटलं, “एक वही वाचायची आहे.” सर्वांना वाटलं मुलाबाळांची असेल.

सर म्हणाले, पहिल्या आठवड्यात कोणतं क्रियापद घेऊ या? मी लगेच म्हटलं, टेक.

“वा!” सर म्हणाले. “टेक म्हणजे घेणे, एवढं पाठ करून लोक थांबतात आणि तोंडघशी पडतात. अहो, हे क्रियापद म्हणजे घरातली थोरली सून. सगळ्यांचं तिलाच करावं लागतं.” मग फळा भरून लिहिलं. टेक अ बाथ म्हणजे आंघोळ करणे. टेक टाइम म्हणजे वेळ लागणे. टेक अ सीट म्हणजे बसा. टॅक्सीवाला म्हणाला, “मी इतके दिवस समजत होतो, खुर्ची उचलून न्यायची आहे.” सगळे हसले. एखाद्याला कुठे नेलं तरी टेक. अंगावरचं काही काढलं तर टेक ऑफ, आणि विमान उडालं तरी टेक ऑफ.

“आपण तरी कुठे नुसतं ‘घेतो’?” सर म्हणाले. “झोप घेतो, नाव घेतो, मनावर घेतो.”

“संशय घेतो,” ती लग्न ठरलेली मुलगी म्हणाली. ती सहज बोलली असेल. तरी माझ्याकडे कशाला बघत होती कोण जाणे.

घरी येऊन वही काढली. सिस्टर ती औषधांच्या ट्रेखाली ठेवते. ‘टुक बाथ.’ ‘टुक टॅब्लेट्स.’ ‘टुक सूप, हाफ बाऊल.’ पानंच्या पानं टुक! सहा पानं मी कार्बन घालून उतरवली आणि शुक्रवारी त्यातली दोन-तीन वाक्यं सरांना दाखवली, अंगठीचं सोडून. अंगठीचं वाक्य लोकांसमोर वाचून घ्यायला मी खुळी नाही. एक वाक्य असं होतं: ‘ही टेक्स मी फॉर हिज डॉटर.’

सर म्हणाले, “टेक फॉर म्हणजे समजणे, बहुधा चुकून. तो मला आपली मुलगी समजतो, असा अर्थ.”

मला समजतात असं नाही, तिला समजतात. मी पहाटे पाचला उठून त्यांचं अंथरूण बदलते, रात्री दोनदा कूस बदलून देते. आणि मुलगी कोण, तर ती. माणूस आजारी पडला की त्याला कुणीही गुंडाळतं. साध्या माणसाला गुंडाळायला काय लागतं? गोड बोलणं आणि वेळेवर सूप.

— ताई

२८ जून, शुक्रवार

धाकट्या,

आज जे लिहिते आहे ते तुला पटणार नाही. तुला माझं कधीच पटलेलं नाही.

गेले दोन आठवडे मी घरात खुणा करून ठेवत होते. कपाटाच्या खणावर टाल्कम पावडरचा पुसट हात. दागिन्यांच्या डब्यावर एक केस. डबा तसाच राहिला, केसही तसाच. म्हणजे बाई कच्ची नाही. पण दुसऱ्याच गोष्टी सापडायला लागल्या. बुधवारी घरी आले की मोरीत दोन कप ओले. सिस्टर चहा पीत नाही, बाबांना चमच्यानं पाजावं लागतं. मग दुसरा कप कुणाचा? बाबांची खुर्ची खिडकीकडे वळवलेली. त्यांच्या मिशा कापलेल्या, अगदी बारीक, दोन्ही बाजू सारख्या. सिस्टरला कात्री कशी धरायची ते माहीत आहे, पण अशी नाही. आणि खोलीत यंत्राच्या तेलाचा वास. तो वास कुठल्याही पावडरनं जात नाही, माझ्या नाकाला तर मुळीच चकवत नाही.

वहीत बघितलं. दर बुधवारी एक शब्द होता, ‘व्हिजिटर’. म्हणजे भेटायला येणारा. ‘व्हिजिटर टुक हिम डाऊनस्टेअर्स.’ बाबांना खाली नेलं! माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, कुणीतरी परका पुरुष येतो, चहा पितो आणि माझ्या बापाला उचलून जिन्यावरून खाली नेतो. आणि एकोणतीस मेला काय होतं? बुधवार! त्या पानावर अंगठीच्या वाक्याआधी हाच शब्द. ‘व्हिजिटर टुक रिंग.’ म्हणजे दोघं मिळून.

काल सकाळी सिस्टरला समोर उभं केलं.

“बुधवारी कोण येतं?”

तिचा चेहरा उतरला. “वाईट माणूस नाही, ताई.”

“चांगला-वाईट मी ठरवीन. कोण येतं?”

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

 बाबा पलंगावरून ‘अंहं, अंहं’ करत होते. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही मध्ये पडू नका.” डब्याचं झाकण त्यांच्या डाव्या हाताशी होतं, ते त्यांनी जमिनीवर फेकलं. बघ, माझ्याविरुद्ध कुठवर भरवलंय तिनं त्यांना.

जेवणाच्या सुट्टीत ब्युरोत गेले आणि लेखी तक्रार दिली. तिथला साहेब म्हणाला, “चोरी म्हणताय? नक्की?” मी म्हटलं, “वही काढून बघा, तिच्याच अक्षरात आहे.” त्यानं वही बघितलीही नाही. फोन उचलला आणि तिला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. जाताना तिनं बाबांचे पाय पुसले, चपला घातल्या आणि मला औषधांच्या वेळा सांगितल्या. एक अक्षर उलट बोलली नाही.

आजपासून एक पुरुष मदतनीस येतोय. त्याला पहिली ताकीद दिली: मी सोडून कुणालाही आत घ्यायचं नाही.

मला झोप लागायला हवी होती. लागली नाही. सहा वर्षांपूर्वीचं वेगळं होतं. हे पक्कं आहे.

— ताई

११ जुलै, गुरुवार

काय म्हणून हाक मारू तुला?

परवा क्लासमध्ये टेकचा शेवटचा धडा होता. सर म्हणाले, आता या सुनेच्या मागे लागणारे छोटे शब्द. टेक टु म्हणजे एखाद्याचा लळा लागणे. टेक इन म्हणजे आत घेणे, आणि फसवणेसुद्धा. मी वहीतलं एक वाक्य विचारलं. आता सिस्टर गेली होती, लपवायचं काय उरलं होतं? वाक्य जूनमधल्या एका बुधवारचं होतं: ‘व्हिजिटर टेक्स आफ्टर पेशंट. सेम इअर्स.’

मी माझा अर्थ लावून ठेवला होता. आफ्टर म्हणजे नंतर. पेशंटनंतर तो घेतो. म्हणजे बाबांचं झालं की हा जेवतो. फुकट्या.

सर म्हणाले, “नाही नाही. टेक आफ्टर म्हणजे चेहऱ्यामोहऱ्यानं कुणावर तरी जाणं. रक्ताच्या माणसाबद्दलच म्हणतात. हा भेटायला येणारा पेशंटच्या वळणावर गेलाय, कान अगदी तसेच आहेत, असं लिहिलंय.” मग हसून म्हणाले, “कुणाचा मुलगा आहे की काय?”

मी उठले. पर्सही विसरले. टॅक्सीवाला जिन्यापर्यंत धावत आला ती द्यायला.

बाबांचे कान. वरून टोकदार, पाळी जवळजवळ नाहीच. माझे आईवर गेलेत. असे कान या जगात दोनच माणसांचे आहेत.

काल बुधवार. कामावरून आले तर मदतनीस मोठ्या कौतुकानं सांगतोय, “ताई, एक माणूस आला होता दुपारी. मुलगा आहे म्हणाला. मी घेतलं नाही. म्हणाला, लांबून आलोय, निदान दारातून बघू द्या. मी दार लावून घेतलं. तुम्हीच सांगितलं होतं ना?”

हो. मीच सांगितलं होतं.

मग रात्रभर मला तुझाच राग येत होता, खोटं कशाला बोलू. चोरासारखा का आलास? माझ्या घरी, माझ्या मागे? अंगठी तू नेलीस, मग ती कुठे आहे? माझी तीन पत्रं तुझ्याकडे आहेत, त्यांत मी त्या बाईवर आळ घेतेय हे तुला दिसत होतं. एक ओळ लिहिली असतीस तर तिची नोकरी राहिली असती. तू मुद्दाम गप्प बसलास. मला खोटं पाडायला. कधीपासून येतोस? बाबांकडून कशावर सही करून घ्यायची आहे का तुला, डाव्या हाताची?

हे लिहिलं, आणि वाचून बघितलं. अक्षर माझंच आहे. तरी पाठवते.

— ताई

२० जुलै, शनिवार

कार्ड पहिलं

हे पाकिटात घालत नाही. उघड्या कार्डांवर लिहिते, नंबर घालून. तुझ्या ऑफिसात टपाल घेणारा वाचेल, वाचू दे. कारण आज कळलं की माझी पत्रं तू उघडतच नाहीस, ड्रॉवरमध्ये टाकतोस.

कुणी सांगितलं? सिस्टरनं. ब्युरोतून तिचा पत्ता मिळवून आज सकाळी गेले होते. एका खोलीत तिघी जणी राहतात. ती युनिफॉर्म धुऊन वाळत घालत होती. मला बघून हातातला चिमटा खाली पडला तिच्या. वाटलं असेल, आता पोलीस आणले.

कार्ड दुसरं

मी म्हटलं, “तो माझा भाऊ आहे ना?” ती म्हणाली, “हो, ताई.” मार्चपासून दर बुधवारी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी. अंगठीचं बोट सुजलं होतं म्हणून तिनं साबण लावून ती काढली आणि तू ती मोठी करायला सोनाराकडे नेलीस. सगळं वहीत लिहिलेलं, वाचता येणाऱ्याला.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुमचे भाऊ म्हणाले, ताईला कळलं तर मला येता येणार नाही. मी शब्द दिला. तोंडानं गप्प राहता येतं, ताई. वहीत खोटं लिहिता येत नाही मला.”

मग मी विचारलं, का येता येणार नाही म्हणाला? तिनं पडलेला चिमटा उचलून दोरीला लावला. शेवटी म्हणाली, “ते म्हणाले, ताई समोर आली की माझे हात आपोआप खिशाकडे जातात. उलटे करून दाखवायला.”

कार्ड तिसरं

आता ते लिहिते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. टपालवाल्यांनो, तुम्हीही वाचा.

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी तिची सोन्याची साखळी सापडेना. आत्या, मामा, काकू, सगळे बसले होते. मी सर्वांसमोर माझ्या भावाला खिसे उलटे करायला लावले, त्याची बॅग जमिनीवर ओतवून घेतली. काही निघालं नाही तर म्हटलं, एव्हाना विकली असेल. आत्यानं त्याच्यासाठी बघितलेली मुलगी त्याच आठवड्यात नाही म्हणाली. तो गेला.

चार महिन्यांनी आईचा जाड कोट मी लॉन्ड्रीत नेला. अस्तर हाताला टोचलं. उसवलं तर आत साखळी. आईनंच शिवून ठेवली होती, टाके तिचे होते. तिला कुणाचा संशय होता कोण जाणे. कदाचित माझाच.

कार्ड चौथं

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “आजच्या आज कळव त्याला.” मी म्हटलं, कळवते. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, मी म्हटलं, कळवलं. नव्हतं कळवलं. काय लिहू ते सुचेना, मग लाज वाटली, मग उशीर झाला असं वाटलं, आणि मग उशीर झालाच. बाबा आठवडाभर दाराकडे बघत होते. पुढे बघायचं सोडलं. त्यांना आजपर्यंत वाटतं की तुला सगळं कळलं, तरी तू आला नाहीस. बोलता येत असतं तर त्यांनी तुला मार्चमध्येच विचारलं असतं.

ब्युरोत जाऊन तक्रार मागे घेतली. साहेब म्हणाला, मागे घेतली तरी कागद फायलीत राहतो. मग मी दुसरा कागद जोडला. इंग्रजीत लिहिला, माझ्या हातानं, सरांनी फक्त स्पेलिंग बघितलं: ‘शी टुक गुड केअर ऑफ माय फादर. शी टुक नथिंग.’ तिनं नीट काळजी घेतली, काही घेतलं नाही. तिला तीन आठवडे काम नव्हतं. आता दुसरीकडे मिळालं आहे. परत ये म्हटलं तर म्हणाली, “नाही ताई. तुमच्याकडे मला श्वास घेतला तरी लिहून ठेवावा लागेल.”

कार्ड पाचवं

निघताना ती एक गोष्ट बोलून गेली. तुझी मुलगी चार वर्षांची आहे. तिचा फोटो बाबांच्या उशीखाली असायचा आणि मी यायच्या आधी सिस्टर तो काढून ठेवायची. मी चार वर्षं आत्या आहे आणि मला ते परक्या बाईनं सांगितलं. तक्रार करत नाही. कुणाकडे करू?

मदतनिसाला सांगितलंय, तू आलास की दार उघडायचं. पुढचे दोन बुधवार मी घरी असेन. मी नको असेन तर खालूनच परत जा. मी खिडकीत उभी राहणार नाही.

— ताई

१ ऑगस्ट, गुरुवार

धाकट्या,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते. मागच्या वेळी न लिहिल्यानं सहा वर्षं गेली.

पहिल्या बुधवारी तू आला नाहीस. मला वाटलं, कार्डं पोचली नाहीत. मग वाटलं, पोचली आणि तू फाडली. मग वाटलं, मदतनीस माझ्याशी खोटं बोलतोय, तू येऊन गेलास. त्याला तीनदा विचारलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

काल बेल वाजली तेव्हा दार मीच उघडलं. तू म्हणालास, “घरी आहेस?” मी म्हटलं, “सुट्टी घेतली आहे.”  तू बराच जाड झालायस. हे मी बोलले नाही, आता लिहिते.

तू बाबांच्या बोटात अंगठी घातलीस. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. सहा वर्षांनी आपण दोघं एका खोलीत.  तू म्हणालास, “ताई, आता तू बोल.” मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, “बाबा, साखळीचं मी याला कधीच कळवलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं. हा आला नाही, कारण याला माहीतच नव्हतं.”

तुला वाटलं असेल ते रडतील. मलाही वाटलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी सूप आणलं तर ओठ मिटून घेतले. मग तू वाटी घेतलीस आणि ते निमूटपणे प्यायले. पाच महिने मी भरवते आहे त्यांना. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पुसला, पुसायचा नसताना.

तुझ्या हाकेनं बाहेर आले. बाबांच्या मांडीवर पाटी होती. सिस्टर त्यांना डाव्या हातानं लिहायला शिकवत होती, हेही मला काल कळलं. वेडंवाकडं अक्षर, एकच शब्द: ‘सांग’.

“सांगितलं ना बाबा आत्ता,” मी म्हटलं.

“अंहं.” त्यांनी खडूनं फोनकडे दाखवलं.

तुला माझ्या आधी कळलं. तू म्हणालास, “तेव्हा जे बसले होते, त्यांना.”

मी म्हटलं, “आत्ता?” तुम्ही दोघंही काही बोलला नाहीत. एकसारखे कान, आणि गप्प बसणंही एकसारखं.

आत्याला लावला. स्पीकरवर. मी सगळं सांगितलं, साखळी, कोट, चार महिने, सगळं. ती म्हणाली, “अगं, मला तेव्हाच वाटत होतं हा पोरगा तसला नाही!” त्या दिवशी तुझी बॅग उलटी धरली होती ती तिनंच. तू खिडकीकडे तोंड करून हसलास. मला बघायचं नव्हतं, पण दिसलं. खालच्या काकू जिना चढून वर आल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चहा टाकू का?” मग मामांना लावला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाले, “तो आहे का तिथे? दे त्याला.” तू फोन कानाला लावून गॅलरीत गेलास. काय बोललात ते मी ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू, पण दार जाड आहे.

आत्यानं तुझ्यासाठी बघितलेल्या त्या मुलीला मात्र मला फोन करता आला नाही. आत्या म्हणाली, ती आता दोन मुलांची आई आहे, तिच्या घरात जुनं नको उकरायला. ते तसंच राहणार.

संध्याकाळी बूट घालताना तू म्हणालास, “पुढच्या बुधवारी तू कामावर जा.”

“बरं.”

“राग म्हणून नाही. तू असलीस की मला...”  फीत बांधत राहिलास. मग दारातून म्हणालास, “पोरीला घेऊन येईन म्हणतोय. बाबांना बघायचंय तिला.”

मी विचारणार होते, ती मला कधी दिसेल. विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी न विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

बाबा आज सकाळीही माझ्या हातून प्यायले नाहीत. मदतनिसानं पाजलं. अंथरूण मात्र मी बदललं, कूस वळवली, त्यांनी अंग सैल सोडलं होतं.

येत्या बुधवारी मी आठला निघेन आणि साडेपाचला येईन. मधल्या वेळात घर तुमचं.

— ताई